जागृतीचा कोरा पेपर

कामतघर, भिवंडी
गुरुवार, १८ जुलै २०२४

आसावरी,

मायना काय लिहावा यातच दोन कागद गेले. ‘चि.’ लिहिलं तर तुला राग येईल, ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

नाशिकचा पत्ता बाबांकडून घेतला. त्यांनी लगेच दिला नाही. “तिला विचारतो आधी,” म्हणाले. रविवारी तुझा फोन झाल्यावर एका चिठ्ठीवर लिहून माझ्यासमोर ठेवला आणि पेपर उघडून बसले. म्हणजे तू नाही म्हणाली नाहीस. तेवढ्या भरवशावर लिहिते आहे.

तू घर सोडलंस त्याला दोन वर्षं झाली. का सोडलंस ते तुला आणि मला माहीत आहे. बाबांना ‘मायलेकींचं वाजलं’ एवढंच ठाऊक आहे. त्याबद्दल आज लिहिणार नाही.

शाळेची बातमी देते. नव्या मुख्याध्यापिका आल्या आहेत, मेघाली मॅडम. तरुण आहेत, भराभर निर्णय घेतात. त्यांनी विद्यार्थी कल्याण समिती काढली आणि तिची प्रमुख मला केलं. मुलांवर अभ्यासाचा ताण येतोय का, घरी काही त्रास आहे का, हे बघायचं. ऑफिसबाहेर एक पेटी लावली आहे, मुलांनी मनातलं लिहून टाकायचं. किल्ली माझ्याकडे. हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय.

दहावी ‘ब’ला माझं गणित आहे. त्यात जागृती म्हणून मुलगी आहे. वडपे गावाच्या मागे डोंगराकडेला वारली पाडा आहे, तिथून येते. वडील वाघ्या गोडाऊनमध्ये गाड्या खाली करतात, आई बायडी दुसऱ्यांच्या शेतावर जाते. पाड्यावर अजून कोणी दहावी पास नाही. बत्तीस वर्षं शिकवते आहे मी, गणित इतकं सहज सुटणारी मुलगी पाहिली नाही. मी फळ्यावर तीन पायऱ्या लिहिते, तोवर तिचं उत्तर आलेलं असतं. या वर्षी शाळेचा पहिला नंबर तिचा, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय.

तुझी तब्येत सांभाळ.

आई


रविवार, ८ सप्टेंबर

आसावरी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणून दुसरं लिहिते.

दीड दिवसाचा गणपती आजच गेला. मोदक मोजकेच केले, खाणारी दोनच माणसं. बाबांनी तुझ्या वाटचा एक बाजूला काढला आणि मग स्वतःच खाल्ला.

जागृती खो-खो खेळते हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी लिहिलं नाही. शाळेच्या मुलींनी तालुका जिंकला. अंतिम सामन्यात तिने शेवटच्या तीन जणी एकटीने बाद केल्या म्हणे. खेळाचे विशाल सर मला स्टाफरूममध्ये सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता, ओरडून ओरडून.

मी त्यांना म्हटलं, “सर, जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव घालू नका. दहावी आहे.”

“तिला विचारलंत?”

“विचारलं. तिला मान्य आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “आसावरीच्या वर्षीही तुम्ही असंच काहीतरी म्हणाला होतात, मॅडम.” आणि यादीतलं नाव खोडलं.

मी विचारलं होतं, हे खोटं नाही. वर्गात, सगळ्यांसमोर विचारलं होतं, “जागृती, तुला शाळेचं नाव काढायचं आहे ना?” ती ‘हो’ म्हणाली. असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल?

पेटी दर शनिवारी उघडते. पाणी गार येत नाही, मुलींच्या बाथरूमची कडी तुटली आहे, अमका मुलगा चिडवतो. बाकी विशेष काही निघत नाही.

आई


रविवार, १७ नोव्हेंबर

आसावरी,

हे तुला बाबांकडून कळण्यापेक्षा मी सांगावं. दिवाळीनंतर जागृती आपल्याकडे राहायला आली आहे. तुझ्या खोलीत.

वडप्याहून शेअर रिक्षाने यायचं, संध्याकाळी परत जायचं, पाड्यावर वीज जाते, घरात दोन धाकटी भावंडं. तिथे कसला अभ्यास होणार? मी स्वतः जाऊन बायडीशी बोलले. मान खाली घालून ऐकून घेतलं तिने. म्हणाली, “तुमी बाई हायेत, तुमाला जास्त कळतंय.” वाघ्या दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

तुझी कपाटं मी उघडलेली नाहीत. फक्त टेबल रिकामं केलं. भिंतीवरचा फोटो तसाच आहे, तू ढाल उचलून धरली आहेस तो. आल्या दिवशीच तिने विचारलं, “या ताई आता कुठं खेळतात?”

मी म्हटलं, “तिने अभ्यासासाठी सोडला खेळ. स्वतःहून.”

हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. तरी लिहिलं.

पहाटे पाचला उठवते. शाळा, मग तासभर विज्ञान, मग माझ्यापाशी गणित. रोज एक जुनी प्रश्नपत्रिका. मेघाली मॅडमनी तिचा फोटो काढून घेतला आहे, निकालाच्या बॅनरसाठी. मागच्या गल्लीतल्या लूमच्या खटखटाटाने तिला सुरुवातीला झोप लागत नव्हती. आता बोलत नाही त्याबद्दल. तशी ती एकूणच कमी बोलते आता. मला वाटतं मन लागलंय अभ्यासात.

काल बाबा म्हणाले, “सुनीती, पोरगी जेवत नाही.”

“वयच तसं असतं,” मी म्हटलं.

“आसावरीच्या वेळीही तू हेच म्हणायचीस.”

तुझ्या नावाने मला सगळेच काही ना काही सुनावतात हल्ली.

आई


मंगळवार, १४ जानेवारी २०२५

आसावरी,

आज संक्रांत. तिळगूळ केला नाही.

गुरुवारी पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर होता. गठ्ठा माझ्याकडे तपासायला आला. जागृतीचा पेपर मी मुद्दाम शेवटी ठेवते, गोड घास शेवटी ठेवतात तसा. उघडला तर वर नाव, आसनक्रमांक, विषय, तारीख. सगळं सुवाच्य अक्षरात. आत एक रेघही नाही. दुसरं पान, तिसरं पान, पुरवणी घेतलेलीच नाही. पर्यवेक्षक म्हणाले, “मॅडम, ती दोन तास हाताची घडी घालून शांत बसली होती. मला वाटलं लवकर झालं तिचं.”

घरी आल्यावर मी पेपर तिच्यासमोर ठेवला. मी ओरडले नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही ओरडले.

“येत नव्हतं का?”

“येत होतं.”

“मग?”

तिने पेपर मिटला. मग म्हणाली, “बाई, मी लिहून सांगितलं होतं. तेव्हा कुनी वाचलं न्हाय. म्हनून या वेळी लिहिलंच न्हाय.”

घरात असताना ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायची, जपून. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या घरचं बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंथरूण घडी करून ठेवलं, दप्तर घेतलं, बाबांच्या पाया पडली आणि गेली. शाळेत आलेली नाही. मैत्रिणीकडे निरोप ठेवलाय की बोर्डाला बसणार नाही. मॅडम मला म्हणाल्या, “तुमच्याच घरी होती ना ती?” एवढंच. पण एवढं पुरे होतं.

आता तुला एक सांगायचं आहे, ते सप्टेंबरमध्ये सांगितलं नाही. पेटीत विशेष काही निघत नाही असं मी लिहिलं होतं. त्या पत्राच्या आधीच एक चिठ्ठी निघाली होती. नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. ‘मला खेळायचं पण आहे आणि शिकायचं पण आहे. बाईंना कसं सांगू ते मला समजत नाही. कुणीतरी सांगा.’

नियमाप्रमाणे ती समितीपुढे ठेवायला हवी होती. मी घडी करून पर्समध्ये टाकली. स्वतःला म्हटलं, सहा महिन्यांचा प्रश्न आहे, मोठी झाली की आभार मानेल.

हे सगळं मी आधी एकदा केलं आहे. तू दहावीत होतीस, दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसचा चार्ज माझ्याकडे होता, आणि शाळेच्या नावाने पत्र आलं होतं की तुझी राज्याच्या खो-खो शिबिरासाठी निवड झाली आहे, पाच दिवसांत हजर व्हा. मी ते माझ्या कपाटात ठेवलं. विशाल सरांना सांगितलं, नाव आलं नाही. तुलाही तेच सांगितलं. तू दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडलीस आणि म्हणालीस, “मी तेवढी चांगली नसेन, आई.” मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. सात वर्षांनी पासपोर्टसाठी दाखला शोधताना तुला ते पत्र सापडलं.

मी तेव्हा तुला म्हणाले होते, तुझ्या भल्यासाठी केलं. चौऱ्याण्णव टक्के मिळाले ना? अजून पुष्कळ बोलले. पण ‘तू चांगली होतीस’ हे मी कधीच म्हटलं नाही. तू शिबिरासाठी निवडलेली मुलगी होतीस. तुला मात्र वाटत राहिलं की तू कमी पडलीस, आणि मी ते सात वर्षं वाटू दिलं.

आज एवढंच लिहिता येतंय.

आई


रविवार, १९ जानेवारी

आसावरी,

आज पाड्यावर जाऊन आले. बाबा बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

वडप्याच्या नाक्यावर रिक्षा सोडली. ट्रकांच्या रांगा, गोडाऊनच्या निळ्या पत्र्याच्या भिंती, आणि त्यांच्यामधून एक मातीची वाट वर जाते. पंचवीस मिनिटं चालले. बायडी अंगणात सुपात वाल पाखडत होती. मला बघून उठली, खाटेवर गोधडी टाकली, पाणी दिलं. वाघ्या घरीच होता, रविवारी त्याला ड्युटी नव्हती. जागृती चुलीपाशी होती. बाहेर आली नाही.

मी ठरवून गेले होते की समजूत घालायची. म्हटलं, “वर्ष फुकट जाईल तिचं. एवढी हुशार मुलगी.”

बायडी सूप हलवत राहिली. “हुशार हाय, ते आमाला बी म्हाईत हाय, बाई. मी तिला तुमच्याकडं धाडली, माझीच चूक झाली. तुमच्या घरून आली तवा चार दिस नुसती झोपून व्हती. उठवली तर म्हनायची, किती वाजले, उशीर झाला का.” तिने सुपातला खडा वेचून फेकला. “आपल्या घरात पोर घाबरून उठतंय, असं कधी झालं न्हवतं.”

वाघ्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. “शिकायला आमची ना न्हाय. मी दिवसभर बोचकी उचलतो ती तिच्याचसाठी. पन तिचं सगळं काढून घेऊन एकच ठेवलंत तुमी.”

मी विचारलं, “मी तिच्याशी बोलू का?”

“तिला इचारा,” बायडी म्हणाली.

जागृती दारात येऊन उभी राहिली. बारीक झाली आहे. मी पर्समधून तिची चिठ्ठी काढली. सप्टेंबरपासून तिथेच होती. म्हटलं, “ही मला मिळाली होती. मी वाचली होती, अक्षरही ओळखलं होतं. वाचली आणि लपवली.”

तिला राग येईल असं वाटलं होतं. तिने चिठ्ठी उघडून बघितली, आपलीच आहे ना ते, आणि विचारलं, “आनि ताईंनी खरंच सोडला का खेळ?”

मग मी तिला सगळं सांगितलं. त्या अंगणात, तिच्या आईवडिलांसमोर. बायडीचं सूप थांबलं होतं.

“तुमी त्यांना म्हनालात, चूक झाली म्हनून?” जागृतीने विचारलं.

“नाही.”

“का?”

पंधरा वर्षांची मुलगी, आसावरी. तिने ‘का’ विचारलं आणि बत्तीस वर्षं पोरांना ‘का’ विचारणाऱ्या मला सांगता येईना. शेवटी म्हटलं, “मी बरोबर होते असं मला तुझ्याकडून सिद्ध करून घ्यायचं होतं. तू पहिली आलीस की आसावरीच्या बाबतीतही मी बरोबर ठरले असते.”

ती म्हणाली, “मग माझा पेपर मी कोरा ठेवला ते बरं झालं.”

वाघ्याला हसू आलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही.

ती परत येणार आहे. तिच्या अटींवर: घरूनच ये-जा करणार, पाचच्या पुढे मैदानावर तासभर खेळणार, आणि निकालाच्या बॅनरवर तिचा फोटो लावायचा नाही. मी हो म्हटलं. मॅडम काय म्हणतील ते अजून माहीत नाही.

आता तुला. आसावरी, माझी चूक झाली. तुझं होतं ते मी चोरलं. आईला चोरी म्हणवत नाही म्हणून मी त्याला काळजी म्हणत राहिले.

आई


रविवार, २ फेब्रुवारी

आसावरी,

बाबांना सांगितलं. पाड्यावरून आले त्याच संध्याकाळी. ते उठून गच्चीत गेले आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “मी तिला म्हणालो होतो, जाऊ दे, पुढच्या वर्षी होईल निवड.” मग त्यांचे डोळे भरून आले. तू त्यांना या रविवारी नेहमीपेक्षा जास्त वेळ दिलास. त्याबद्दल आभार.

काल दहावीची पालकसभा झाली. मॅडमनी दहावीच्या सगळ्याच मुलांसाठी मैदानाचा तास ठेवायला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. “पालकांना तुम्हीच पटवा.” सभेत बहुतेक जण विरोधात होते. एक गृहस्थ उभे राहिले, “परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय आणि तुम्ही पोरांना खेळायला सोडताय?” मागून एक बाई हिंदीत म्हणाल्या, “मॅडम, आप की बेटी होती तो आप भेजतीं क्या?”

त्यांना कल्पना नव्हती आपण काय विचारतो आहोत त्याची.

मी म्हटलं, “नाही. पाठवलं नव्हतं.” आणि पत्राचं सगळं सांगितलं. हिंदी आणि मराठी एकत्र करून, जमेल तसं. तुझं नाव घेतलं नाही, पण विशाल सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते, त्यांना कळलं. नऊ वर्षं ते स्वतःला दोष देत होते की आपणच कुठे कमी पडलो, मुलीचं नाव यादीत आणू शकलो नाही. सभा संपल्यावर ते माझ्याशी न बोलता गेले. त्यांचा हक्क आहे तो.

सगळे पालक काही पटले नाहीत. अर्ध्यांनी मुलांना क्लासला पाठवायचंच ठरवलंय. पण काल संध्याकाळी मैदानावर एकोणीस मुली होत्या. मी कठड्यावर बसून बघत होते. जागृतीने खांबावर झेप घेतली, माती उडाली, आणि ती अशी काही खदखदून हसली की मला समजलं, नोव्हेंबरपासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. ती आपल्या घरात राहत होती, तरीसुद्धा.

आई


नाशिक
१६ फेब्रुवारी

आई,

सहाही पत्रं मिळाली. चौथं मी अर्ध्यात ठेवून दिलं होतं, दहा दिवसांनी पुन्हा काढलं.

माफी मागितलीस, वाचली. माफ केलं का ते मला अजून माहीत नाही. उगाच हो म्हणणार नाही. विशाल सरांना मी फोन केला होता. आम्ही दोघं बराच वेळ बोललो.

माझ्या खोलीचं टेबल त्या मुलीला लागलं तर वापरू दे. तिला वाटलं तर.

परीक्षेच्या दिवसांत तिला ‘पेपर कसा गेला’ विचारू नकोस. तू दारातच विचारायचीस, चप्पल काढायच्या आधी.

निकाल कळव.

आसावरी


बुधवार, १४ मे

आसावरी,

काल निकाल लागला. जागृतीला ब्याऐंशी पॉइंट वीस टक्के. शाळेत चौथी. गणितात शंभरातले सत्त्याण्णव.

‘पेपर कसा गेला’ मी एकदाही विचारलं नाही. एकदा तोंडापर्यंत आलं होतं, तेव्हा ‘पाणी पितेस का’ विचारलं.

मॅडमचा चेहरा थोडा उतरला. पहिला आलेल्या मुलाचा फोटो लावला आहे, त्याने आनंदाने दिला. संध्याकाळी जागृती, बायडी आणि वाघ्या आपल्या घरी आले. वाघ्या कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या टोकावर बसून होता. पाड्यावरची पहिली दहावी पास. बाबांनी पेढे आणले. वाघ्याने पेढा हातात धरून ठेवला, मग खिशात टाकला, धाकट्यांसाठी. बाबांनी त्याला अख्खा पुडाच दिला.

जागृती आत माझ्यामागे आली. “बाई, तुमाला कमी वाटले ना?”

खोटं बोलणार होते. सवयीने. मग म्हटलं, “थोडे वाटले.”

“मला पन थोडे वाटले,” ती म्हणाली. “इतिहासानं घात केला.” आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून हसत सुटलो, बायडी बघायला आली काय झालं म्हणून.

अकरावी ती भिवंडीतच करणार आहे. सायन्स घे, डॉक्टर हो, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. आपल्या मुलीला काय सांगावं हे इतकं ठाऊक असणारी आई तुला मिळाली होती. मी तिला विचारलं, “पुढे काय करायचं आहे?”

“अजून ठरलं न्हाय. ठरलं की सांगते.”

“बरं,” मी म्हटलं. हा एक शब्द म्हणायला मला किती जड गेलं ते फक्त तुलाच कळेल.

तू निकाल कळव म्हणाली होतीस, तो कळवला. पत्र इथे संपवता येईल. पण बाबा सांगतात, तू सकाळी सोसायटीच्या मैदानावर काही मुलींना खो-खो शिकवतेस. मला ते आजवर माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नाही. तू दिवसभर काय करतेस, जेवतेस का, कुणाशी बोलतेस, तुला काय आवडतं, हे मी तुला आयुष्यात कधी विचारलं नाही. मी फक्त किती मिळाले ते विचारलं.

कशी आहेस तू, आसावरी?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं, कारण ते खरं नाही. पण मी वाट बघेन. घाई करणार नाही.

आई